जिथे सूर्य मावळत नाही : फुलपाड्याच्या पोरीचा एक उन्हाळा

विरार स्टेशनवर पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने निघाले की थोड्याच वेळात आमचा फुलपाडा लागतो. एका अंगाला जीवदानीचा डोंगर, पलीकडे पापडखिंडीचे धरण, आणि मधल्या भागात चाळी, बैठी घरे व आता नव्याने उठलेल्या इमारती अशी आमची वस्ती. पहाटे चारलाच घराघरांत दिवे लागतात, कारण विरार लोकलमध्ये नीट उभे राहायला जागा हवी असेल तर लवकर निघावे लागते. मी स्वतः गेली वीस वर्षे त्याच गाडीने कारकुनी करायला जातो आहे. कामासाठी माणसाने किती लांब जावे, असे कोणी विचारले तर आमच्याकडचे उत्तर ठरलेले आहे : चर्चगेट.

त्या फुलपाड्यातून माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, २०२४ सालच्या उन्हाळ्यात पृथ्वीच्या टोकाला जाऊन अडीच महिने राहून, काम करून आली. गावाचे नाव लाँगयिअरब्येन. स्वालबार्ड नावाच्या बेटांवरचे हे मुख्य गाव. शाळेच्या नकाशात नॉर्वेच्याही वर, जिथे नकाशाची चौकट संपत आलेली असते, तिथे ही बेटे चार-दोन ठिपक्यांसारखी दिसतात. आपले विरार विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंशांवर आहे, ते गाव अठ्ठ्याहत्तर अंशांवर. तिथून उत्तर ध्रुव तेराशे किलोमीटरच्या आसपास राहतो.

वाचक बंधू-भगिनींनो, ही पोरीच्या कौतुकाची गोष्ट आहे असे आपणास वाटेल. कौतुक आहेच. पण मी हे लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. त्या अडीच महिन्यांत मी एक खोटे बोललो होतो. ते पुढे येईलच.

भाची इथल्याच कॉलेजातून बी.एस्सी. झाली. संध्याकाळी चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेत घेत तिने परदेशातल्या विद्यापीठांचे अर्ज भरले आणि नॉर्वेत एम.एस्सी.ला प्रवेश मिळवला. नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण शुल्क नसे. २०२३ च्या शरदापासून मात्र युरोपबाहेरून येणाऱ्यांना शुल्क लागू झाले, आणि नेमकी हिची तुकडी पहिली सापडली. बहिणीने असलेले सोने मोडले, बाकीचे बँकेचे कर्ज. तिथल्या नियमाप्रमाणे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला शिकत असताना आठवड्याला वीस तास काम करता येते आणि सुट्टीत पूर्ण वेळ. म्हणजे सुट्टी ही सुट्टी नव्हतीच, ती हप्ता जमवायची वेळ होती. अशातच लाँगयिअरब्येनच्या एका हॉटेलात उन्हाळ्यापुरती माणसे हवी आहेत असे तिला कळले. काम खोल्या आवरण्याचे. राहायची सोय कामाबरोबर.

तिने रात्री फोन करून हे सांगितले तेव्हा घरात सगळे बसलो होतो. माझी आई, म्हणजे तिची आजी, आता ऐंशीच्या पुढची. सातारा जिल्ह्यातले गाव सोडून मुंबईला आलेली आणि ऐन उमेदीची तीस वर्षे दादरकडच्या इमारतींत जिने झाडण्यात, संडास धुण्यात घालवलेली. तिला ऐकू थोडे कमी येते, पण हे बरोबर ऐकू आले.

“काय करनार म्हनलीस?”

“खोल्या साफ करणार, आजी. चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायचे.”

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “झाडू हातातनं सुटाया मला तीस वर्सं लागली. तू इमानात बसून झाडू धराया निघालीस व्हय?”

फोनवर कोणालाच पुढे बोलता येईना. मी विषय बदलला. आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरांनी विचारले, “पोरगी सुट्टीत काय करते?” तेव्हा मी बेधडक सांगून टाकले, “उत्तर ध्रुवाकडे संशोधनाला चालली आहे.” सभा-संमेलनांत श्रमप्रतिष्ठेवर बोलणारा माणूस मी. माझ्याच घरच्या श्रमाची मला लाज वाटली.

असो. आता त्या गावाविषयी.

जूनच्या मध्याला ती ओस्लोहून विमानाने तिथे उतरली. घड्याळात मध्यरात्र होत आली होती आणि बाहेर आपल्याकडे सकाळी नऊला असते तसे ऊन. तिथे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या २३ तारखेच्या सुमारापर्यंत सूर्य मावळतच नाही, आभाळात नुसता गोल फिरत राहतो. याची भरपाई हिवाळ्यात होते. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही, आणि भोवतालच्या डोंगरांमुळे गावात प्रत्यक्ष ऊन पडायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडतो. त्या दिवशी शाळेची मुले आणि मोठी माणसे जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमून सूर्याची वाट पाहतात. आजीने फोनवर विचारलेच, “रातच होत न्हाय, मग निजतीस कवा?” खिडकीला जाड काळा पडदा लावून झोपायचे, आणि तरीही पहिले आठ दिवस झोप येत नाही, असे उत्तर आले.

उन्हाळा म्हणजे पाच ते सात अंश. आपल्या फ्रिजमध्ये जेवढी थंडी असते तेवढी. झाड एकही नाही. जमीन खाली कायमची गोठलेली असल्यामुळे घरे खांबांवर उभी करतात, नाहीतर घराच्या उबेने खालचा बर्फ वितळून घरच खचायचे. पाण्याचे नळही जमिनीवरून नेलेले. गावातले रस्ते गावाच्या आसपास संपतात, दुसऱ्या वस्तीला जायला रस्ताच नाही. जायचे तर होडी किंवा विमान, हिवाळ्यात बर्फावरची गाडी. वस्तीच्या बाहेर पडायचे तर पांढऱ्या अस्वलाला पळवून लावायचे साधन जवळ ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बहुतेक लोक बंदूकही घेतात. दुकानाच्या दारावर ‘बंदूक आत आणू नये’ अशी पाटी असते. रस्त्यात रेनडिअर चरत फिरतात, आपल्याकडे म्हशी फिरतात तसे. कुररी जातीचे एक पाखरू अंड्यांजवळ गेलेल्या माणसाच्या डोक्यावर चोची मारते, म्हणून लोक डोक्यावर काठी उंच धरून चालतात. हेच पाखरू दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येते. त्याच्यापुढे आमचा विरार-चर्चगेट प्रवास म्हणजे काहीच नव्हे.

गाव वसले ते कोळशामुळे. १९०६ साली जॉन मनरो लाँगयिअर या अमेरिकन माणसाच्या कंपनीने इथे खाण सुरू केली, गावाला नाव त्याचेच. १९१६ मध्ये नॉर्वेच्या कंपनीने ती घेतली. म्हणजे हे मूळचे कामगारांचे गाव. खाणीतून आलेल्या माणसाच्या बुटांना कोळशाची भुकटी असायची, म्हणून दाराशीच बूट काढायची रीत पडली. आज खाणीही राहिल्या नाहीत, पण रीत राहिली. हॉटेलात, वस्तुसंग्रहालयात सगळे जण बूट काढून मोज्यांवर हिंडतात. भाचीला याचेच अप्रूप वाटले. “मामा, मोठमोठे पाहुणेसुद्धा दारात वाकून स्वतःचे बूट स्वतः काढून ठेवतात,” असे तिने सांगितले.

ती राहायची ते घर म्हणजे खाणकामगारांची जुनी बराक. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, शेवटी सर्वांचे एक स्वयंपाकघर. थेट आपली चाळ. शेजारी थायलंडची एक बाई आणि फिलिपाइन्सच्या दोघी. या गावात साधारण अडीच हजार लोक राहतात. त्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक परदेशी, आणि त्यांतही थायलंड व फिलिपाइन्सचे सर्वांत जास्त. एके संध्याकाळी थायलंडच्या बाईने सुकी मासळी भाजली आणि बराकभर वास सुटला. नॉर्वेची मुले नाक दाबून बाहेर पळाली. आमची पोर मात्र थाळी घेऊन त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. अर्नाळ्याच्या सुकटीचा वास तिला तिथे सापडला होता.

काम सकाळी साडेसातला सुरू. एका जणीकडे ठरावीक खोल्या. पलंग, चादरी, उशांच्या खोळी, न्हाणीघर, शेवटी जमीन. उन्हाळ्यात तिथे मोठाली प्रवासी जहाजे लागतात, कधी कधी एका जहाजातून गावाच्या लोकसंख्येइतकी माणसे उतरतात. पाठ मोडून येई. पहिल्या आठवड्यात हॉटेलची मुख्य बाई स्वतः हिच्याबरोबर खोल्या आवरायला आली. रजेवर गेलेल्या मुलीच्या जागी उभी राहिली होती. जेवणाच्या वेळी मुख्य बाई, आचारी, खोल्या आवरणाऱ्या, सगळे एका टेबलावर. प्रत्येक जण आपले ताट आपण धुवून ठेवणार. तिला सगळे नावाने हाक मारत आणि तीही सर्वांना नावानेच.

हे ऐकून आपल्याला वाटेल, की समतेचे गाव सापडले. पण भाची हिशेबाने पाहणारी आहे. तिनेच मला दुसरी बाजू सांगितली. स्वालबार्डला राहायला कोणत्याही देशाच्या माणसाला परवाना लागत नाही, पण तिथे जाताना नॉर्वेतून जावे लागते, त्यामुळे आपल्याला तिथला व्हिसा लागतोच. राहायला मोकळीक आहे, पण सांभाळायला कोणी नाही. ज्याला स्वतःचे पोट भरता येत नाही, त्याला बेट सोडावे लागते. इस्पितळ छोटे, म्हणून बाळंतपणाला बायकांना काही आठवडे आधीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जावे लागते. आणि गावाच्या परिषदेसाठी मत देण्याचा हक्क २०२२ पासून अशा परदेशी लोकांना राहिला नाही, ज्यांनी मुख्य भूमीवर तीन वर्षे काढलेली नाहीत. दहा-दहा वर्षे त्या गावाचे संडास धुणारी, स्वयंपाक करणारी, मुले सांभाळणारी माणसे आता मतदानाच्या दिवशी घरी बसतात. एका माणसाला एक मत, याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. भाची म्हणाली, “टेबल एक आहे, मामा, पण मतपेटी एक नाही.”

ही मोकळीक आली कुठून, हेही सांगण्यासारखे आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला एक करार झाला. बेटे नॉर्वेची मानली गेली, पण सही करणाऱ्या सर्व देशांच्या लोकांना तिथे जाण्याचा, धंदा करण्याचा सारखा हक्क मिळाला. सही करणाऱ्यांत हिंदुस्थानही होता, अर्थात इंग्रजांच्या हाताने. तारीख वाचून मी थबकलो. त्याच्या नऊच दिवस आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढला होता. ज्या माणसांना गावच्या पाणवठ्यावर जायचा हक्क नव्हता, त्यांच्या नावाने दूर पॅरिसला बर्फाच्या बेटावर जायचा हक्क लिहिला जात होता, आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. तो हक्क वापरायला आमच्या घरातून एकशेचार वर्षांनी एक पोरगी गेली. हक्क कागदावर असतो. तिथवर पोचवते ते शिक्षण.

सुट्टीच्या दिवशी ती विमानतळाच्या वरच्या डोंगराकडे चालत गेली. तिथे डोंगराच्या पोटात जगातल्या बियाण्यांची तिजोरी आहे, २००८ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली. आत उणे अठरा अंश थंडीत तेरा लाखांहून अधिक वाणांची बियाणी ठेवलेली आहेत. युद्ध, दुष्काळ, पूर यांत कुठले वाण नष्ट झाले तर इथून परत मिळावे, यासाठी. सीरियातल्या युद्धामुळे तिथल्या बियाणे केंद्राचे काम अडले, तेव्हा २०१५ मध्ये पहिल्यांदा इथून बियाणे परत दिले गेले. आत जाऊ देत नाहीत, बाहेरून दार तेवढे दिसते. पण त्या दाराआड हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांची बियाणीही आहेत. हे कळल्यावर आजीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “म्हंजी आपली जवारी तितं हाय?” ती दोनदा म्हणाली.

त्या डोंगराखालच्या जुन्या दफनभूमीत सात तरुणांची थडगी आहेत. १९१८ च्या शरदात खाणीत काम करायला म्हणून ते जहाजाने निघाले आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. त्याच वर्षी त्याच साथीने मुंबईच्या गिरणगावातही घरेच्या घरे बसवली होती. कामासाठी निघालेला तरुण कुठेही सारखाच, हे तिला त्या थडग्यांपाशी उभे राहून वाटले. गोठलेल्या जमिनीत प्रेत कुजत नाही, म्हणून आता तिथे शवपेटीचे दफन करू देत नाहीत.

पण ती गोठलेली जमीनही आता पूर्वीची राहिलेली नाही. जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पट वेगाने स्वालबार्ड तापते आहे. २०२० च्या जुलैत तिथे २१.७ अंशांची नोंद झाली. भाची तिथे असताना, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पारा २० अंशांच्या वर गेला तेव्हा गावचे लोक नुसत्या सदऱ्यावर हिंडत होते आणि म्हातारी माणसे चिंतेने डोंगराकडे पाहत होती. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच डोंगरावरून हिमकडा कोसळून घरे वाहून गेली आणि दोन जीव गेले होते. ज्या कोळशाने गाव वसवले त्याच्या धुराचाही या तापण्यात वाटा. कोळशावरचे वीजकेंद्र २०२३ मध्ये बंद झाले आणि शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, जून २०२५ मध्ये. गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेल्या माझ्या पिढीला ‘खाण बंद’ हे दोन शब्द वाचताना काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

तिथला बर्फ वितळला तर फुलपाड्याला काय, असे कोणी विचारील. याचाच अभ्यास आपला देश तिथे करतो आहे. लाँगयिअरब्येनहून छोट्या विमानाने पुढे गेले की न्यू-ऑलेसुंड ही वस्ती लागते. तीही जुनी खाण. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, त्यानंतर खाण बंद झाली आणि पुढे तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रे आली. १ जुलै २००८ रोजी तिथे भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. देशातल्या विद्यापीठांचे संशोधक विद्यार्थी तिथे उन्हाळ्यात जाऊन राहतात, हिमनद्या मोजतात, फ्योर्डचे पाणी तपासतात. तिथल्या समुद्रातल्या बर्फाचे आणि आपल्या पावसाचे नाते काय, हा त्यांच्यापुढचा एक मोठा प्रश्न आहे. पावसात नाल्याचे पाणी घरात शिरले की आम्ही नगरसेवकाचे दार ठोठावतो. ते ठोठावायलाच हवे. पण त्या पाण्याची एक वाट फार दूरवरून येते, हेही आपल्या मुलांना कळले पाहिजे. वास्को आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर आहे.

अभ्यासक्रम पूर्ण करून भाची घरी आली, तेव्हा आमच्या विहारातल्या मुलांच्या उन्हाळी वर्गात मी तिला बोलायला उभे केले. पंचवीस-तीस मुले, मागे त्यांच्या आया, खुर्चीवर शेजारचे मास्तर. मी प्रास्ताविकात ‘उत्तर ध्रुवावरचा अनुभव’ एवढेच म्हटले. तिने माईक घेतला आणि पहिलेच वाक्य : “मी तिथे हॉटेलच्या खोल्या आणि संडास साफ करायला गेले होते.”

माझी मान खाली गेली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. पण मुले खुदकन हसतील असे वाटले होते, ती हसली नाहीत. एका मुलीने हात वर केला. तिची आई चार घरची धुणी-भांडी करते. तिने विचारले, “ताई, तुला तिथे चहा वेगळ्या कपात द्यायचे का?”

सभेत क्षणभर कोणी हलले नाही. भाची म्हणाली, “नाही. त्याच कपाटातला कुठलाही कप घ्यायचा आणि आपला आपण धुवायचा.”

मग तिने सगळे सांगितले. तो न मावळणारा सूर्य, ती ज्वारी, ते मत नसलेले शेजारी. हप्त्याचे पैसे कसे जमवले तेही सांगितले, आणि मोठ्या मुलांना बजावले की परदेशी जायचे तर आधी शुल्क किती, कर्ज किती, कामाचे नियम काय, हे कागदावर मांडून मगच अर्ज करा, सरकारी शिष्यवृत्त्यांच्या अटी आणि तारखा आधी पाहा. वर्ग संपल्यावर मी मास्तरांपाशी गेलो आणि माझे खोटे कबूल केले. ते एवढेच म्हणाले, “मला माहीत होते. तुमच्या आईनेच सांगितले होते.”

मी घरी येऊन आईला विचारले, “तू केव्हा सांगितलेस?”

“तवाच,” आई म्हणाली. “पोरगी परत फोनवर बोलली तवा म्या इचारलं, पगार येळेवर देत्यात का? देत्यात म्हनली. नावानं हाक मारत्यात का? मारत्यात म्हनली. म्हनलं, मग हाय काय लपवायचं? मला तीस वर्सांत त्या बिल्डिंगीत कुनी नावानं हाक न्हाय मारली. ‘ए बाई’च म्हनायचे.”

माझ्या आईचे नाव आमच्या घरातही आम्ही कधी घेत नाही, आई म्हणतो. त्या रात्री भाचीने तिला उगाचच दोनदा नावाने हाक मारली. म्हातारी लाजली आणि “गप गं” म्हणाली.